‘काही विशेष नाही, सही करा’ : नानांना विचारा

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य टाकलं होतं की ऑफिसातल्या अंध माणसाला काम जड नसतं, कागद जड असतो, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले नाना, या वेळी सगळं सदर यालाच देऊन टाका. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून आलीत. निम्मी मुलीनं वाचून दाखवली, निम्मी फोननं. नवीन वाचकांसाठी सांगतो, माझी नजर विसाव्या वर्षी गेली, त्यानंतर १९८८ पासून ३३ वर्षं मी एका ऑफिसात टेबल सांभाळलं, त्यामुळे खाली जे आहे त्यातलं थोडं कायद्याचं आणि बरंचसं खाल्लेल्या ठेचांचं. नावं कोणाचीच छापत नाही, ऑफिसचीपण नाही.

भुसावळहून एक तरुण वाचक : नाना, नमस्कार. मी पूर्ण अंध आहे, वय २६. दिव्यांगांच्या १ टक्का कोट्यातून आठ महिन्यांपूर्वी सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. लोक चांगले आहेत, चहा आणून देतात, डबासुद्धा उघडून देतात जे मी कधी सांगितलेलं नाही, पण काम देत नाहीत. टेबलावर फाइलच येत नाही. साहेब म्हणतात तू बस रे, पगार चालू आहे ना. मी काय मागू आणि कसं मागू? मागितलं तर म्हणतील नोकरी दिली तरी रडतो.

भाऊ, तुला सरळ तू म्हणतो, तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान आहेस. ‘पगार चालू आहे ना’ हे वाक्य मीपण ऐकलंय, ८८ साली, अगदी याच शब्दांत. तेव्हा छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांनी खुर्ची टोचायला लागली आणि वर्षभरानं लक्षात आलं की ज्याच्या टेबलावर फाइल येत नाही त्याला ऑफिसात काय चाललंय हेच कळत नाही, मग प्रमोशनची वेळ आली की सगळे म्हणतात याला काम कुठं येतं. म्हणजे आधी द्यायचं नाही आणि नंतर येत नाही म्हणायचं. मुद्दाम कोणी करत नाही हे, होऊन जातं.

तू मागतोय ते उपकार नाहीत एवढं डोक्यात पक्कं कर. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी ऑफिसनं दिव्यांग कर्मचाऱ्याला ‘रीझनेबल अकोमोडेशन’ द्यायचं असतं, म्हणजे बाकीच्यांसारखं काम करता यावं म्हणून जी वाजवी सोय लागते ती, आणि नुसत्या दिव्यांगपणामुळे प्रमोशन नाकारायचं नाही हेपण त्याच कलमात आहे. तुझी जागा कलम ३४ मधली, एकूण ४ टक्क्यांपैकी १ टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांचा. बऱ्याच ठिकाणी ३४ लक्षात राहतं आणि २० विसरतात, माणूस भरला की झालं.

पण म्हणून उद्या साहेबांच्या टेबलावर कलम आपटू नको. आधी आठवडाभर एक काम कर. शेजारच्या टेबलवाल्याला म्हण, तुझ्याकडे जो कागद येतो तो कसला आहे तेवढं मला सांगत जा, आणि फोनमध्ये बोलून नोंद ठेव. आठवड्यानं तुला दिसेल (हो, आम्हीपण ‘दिसेल’च म्हणतो, कोणी दचकू नका) की कागद सगळे सारखे नसतात. काही कागद कम्प्युटरमध्येच जन्मलेले असतात, आपल्याच ऑफिसात टाइप झालेलं पत्र, मेल, जीआर, एक्सेलचा तक्ता. त्याची प्रिंट काढून अंध माणसाच्या हातात देणं म्हणजे शुद्ध येडेपणा, मूळ फाइल द्या की, स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम, घडाघडा वाचतो. काही बाहेरून आलेले छापील, ते सरळ ठेवून ३०० डीपीआयला (ही स्कॅनची बारकाई) स्कॅन केले आणि ओसीआर केलं, म्हणजे कम्प्युटरकडून चित्रातली अक्षरं ओळखून घेतली, की बरेचसे वाचता येतात. आणि उरतात हातानं लिहिलेले, अर्ज, साहेबांचा मार्जिनमधला शेरा, जुनी रजिस्टरं, जमिनीच्या जुन्या नोंदी तर मोडी लिपीतपण निघतात. तिथं माणूसच लागतो, कोणी कितीही ॲप दाखवू दे. आता गंमत बघ, आपण आधी सगळ्यालाच माणूस मागतो, मग ऑफिस म्हणतं एका माणसामागे दुसरा माणूस कुठून आणायचा, आणि तिथंच विषय संपतो. तुला माणूस लागतोय रोजचा तास-दीड तास, तेवढाच माग.

अर्जात ‘मला मदत मिळावी’ लिहू नको. ‘आवक-जावकचं आणि अमुक कार्यासनाचं काम मी करू शकतो, त्यासाठी खालील सोय मिळावी’ असं लिही. सोय म्हणजे काय, तर एनव्हीडीए (हा एक स्क्रीन रीडर) टाकलेला कम्प्युटर आणि हेडफोन, सगळी पत्रं युनिकोडमधल्या (म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच साठवणाऱ्या टायपिंगमधल्या) मूळ फाइलच्या रूपात, स्कॅनर, आणि हस्तलिखित कागदांसाठी रोज ठरलेल्या वेळी एक सहकारी, लेखी आदेशानं. हेडक्लार्कचा पहिला प्रश्न बजेटचा असणार, तर एनव्हीडीए फुकट आहे. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं २००६ मध्ये ते बनवायला घेतलं, कारण विकत मिळणारे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. पेनड्राइव्हवरूनसुद्धा चालतं, म्हणजे ‘इन्स्टॉल करायला परवानगी नाही’ हे कारणपण बरंचसं जातं. अर्ज आवकला टाक, नंबर घे, आणि साहेबांकडे फक्त दहा मिनिटं माग, त्यांच्यासमोर एक पत्र उघड, वाच, उत्तर टाइप कर. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ते फास्ट बोलणं ऐकून साहेबांनी विचारलं होतं की हे कोणत्या भाषेत चाललंय. मराठीतच होतं. पण त्या दिवसापासून फाइल यायला लागली.

एवढं करूनही नाहीच हललं तर प्रत्येक सरकारी ऑफिसला कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्यानं चौकशी करायची असते, आणि त्याच्यावर पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत. पण ती पायरी नंतरची. आणि डबा स्वतः उघडत जा, आजपासून.

अमळनेरहून एक ताई : माझ्या शेजारच्या टेबलावर एक अंध सहकारी आहेत, आम्ही दादा म्हणतो. तीन वर्षं झाली त्यांचे कागद मीच वाचते. त्यात रोजचा दीड-दोन तास जातो, माझं कार्यविवरण (कामाची नोंद) मागं पडलं म्हणून गेल्या महिन्यात मेमो मिळाला. दादांना नाही म्हणायला जीव होत नाही. आणि खरं सांगू का नाना, घाईत असले की मी अर्धंच वाचते आणि बाकीचं तोंडी सांगून मोकळी होते.

ताई, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला नमस्कार. करतात सगळे, कबूल कोणी करत नाही.

माझी गोष्ट सांगतो. साल १९९४. एक परिपत्रक फिरत होतं, दोन पानी. माझ्या शेजारी जो होता, माणूस सोन्यासारखा, त्याच्या डब्यातलं भरीत मी किती वर्षं खाल्लं असेल त्याचा हिशोब नाही, तो म्हणाला, ‘काही विशेष नाही, ट्रेनिंगचं आहे, सही करा.’ मी केली. महिन्याभरानं चहाच्या टपरीवर कळलं की दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, कम्प्युटर शिकायची इच्छा असेल त्यांनी आठ दिवसांत नाव द्यावं. ऑफिसात तेव्हा नुकताच पहिला कम्प्युटर आला होता. माझं नाव द्यायचं राहिलं ते राहिलंच, पुढची बॅच चार वर्षांनी निघाली. त्याला मी कधी बोललो नाही, कारण त्याला वाटलं होतं की अंध माणसाला कम्प्युटरशी काय देणंघेणं, आणि त्या काळात कोणालाही तसंच वाटलं असतं. पण विशेष काय आणि बिनविशेष काय हे ठरवायचं काम माझं होतं, ते त्याच्याकडे गेलं, आणि जाताना दोघांनाही कळलं नाही.

म्हणून वाचायची पद्धत सांगतो, आणि यात वेळ वाढत नाही, उलट कमी होतो. आधी वरचं वाचायचं, पत्र कोणाकडून, तारीख, जावक नंबर, विषय, किती पानं. मग थांबायचं आणि दादांना विचारायचं, पूर्ण वाचू का, की कुठला भाग आधी? ते म्हणतील शेवटचा परिच्छेद वाच, किंवा म्हणतील ठेव, हे संध्याकाळी. कागद चाळायचं काम तुमचे डोळे करतात पण चाळायला लावतात दादा, असं झालं पाहिजे. सारांश त्यांनी मागितला तरच. आकडा आला की एक-एक अंक सुटा वाचायचा आणि एकदा परत. ‘दीड’ आणि ‘अडीच’ ऐकताना घोळ होत नाही पण ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांनी माझं एकदा वाटोळं केलंय. शिक्के, कोपऱ्यातला पेन्सिलचा शेरा, खाडाखोड, कोणाची सही आहे आणि कोणाची जागा रिकामी आहे, हेपण सांगायचं, कारण अर्धं ऑफिस तर त्या शेऱ्यावरच चालतं. आणि वाचताना ‘अरे बापरे’, ‘हे काय आता’ असलं मध्ये घालायचं नाही, तुमचं मत नंतर, चहाला. एक शब्द लागला नाही तर ‘लागत नाही’ म्हणा, अंदाजानं बसवू नका.

आता तुमच्या मेमोचं. तीन वर्षं तुम्ही एक काम करताय जे ऑफिसच्या कागदावर कुठंच नाही, म्हणजे ते केलं तरी दिसत नाही आणि त्यामुळे राहिलेलं तुमचं काम मात्र लगेच दिसतं. आधी दादांशी बोला, साहेबांशी नंतर. सरळ सांगा की दादा, मला वाचायला काही नाही पण वेळ बांधून घेऊ, आणि तुम्ही अर्ज करा की हे आदेशानं व्हावं. त्यांना वाईट वाटेल असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं होईल. दर वेळी शेजारणीच्या चेहऱ्याचा अंदाज घेत, आता विचारू का थोड्या वेळानं, असं दिवसातून दहादा करणं किती थकवतं ते मला विचारा. आदेश निघाला की तो एक तास तुमच्या कार्यविवरणात येतो, शक्य असेल तर दोघं जण आळीपाळीनं करा म्हणजे तुम्ही रजेवर गेलात तर दादांचं टेबल बंद पडत नाही. आणि दादांकडे येणारं निम्मं टपाल मेलवर मागवता येतं का ते भुसावळच्या भावाला जे लिहिलं त्यात बघा. माझा अंदाज, तुमचे दोन तास पाऊण तासावर येतील.

शिरपूरहून एक वाचक : मी ४४ वर्षांचा आहे, एका खासगी फर्ममध्ये अकाउंट बघतो, साठेक माणसं आहेत. मला आरपी आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू वाढणारा आजार, रात्रीचं दिसणं कधीच गेलं, आता बाजूचं पण कमी झालंय, नळीतून बघितल्यासारखं. मालकाला सांगितलेलं नाही. व्हाउचर वाचायला वेळ लागतो म्हणून घरी आणून रात्री बायकोकडून वाचून घेतो. किती दिवस चालेल माहीत नाही.

भाऊ, आधी बायकोला माझ्याकडून सांगा की ती तुमच्या फर्मची बिनपगारी नोकर आहे.

लपवण्याचं मी समजू शकतो. पण तुम्ही लपवता तेव्हा मालकाला फक्त एवढंच दिसतं की माणूस हल्ली चुका करतोय, कारण दिसत नाही. मग तो स्वतःच कारण लावतो, आणि ते कारण बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं.

कायदा सांगतो पण तुमच्या बाबतीत तो सरकारी नोकरीइतका कडक नाही हेपण सांगतो. सरकारी माणसाला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते, हे कलम २० मध्ये स्पष्ट आहे. खासगीत तेवढं संरक्षण नाही. पण २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेनंसुद्धा समान संधी धोरण करून जाहीर करायचं असतं आणि त्यात दिव्यांगांना काय सोयी देणार ते लिहायचं असतं. तुमच्या मालकाला हे बहुधा माहीतच नसेल. त्यामुळे तुमच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे तुमची इतक्या वर्षांची हिशोबातली पकड, ते घेऊन जा. सिव्हिलला तपासून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. नियम असा आहे की चष्मा लावूनसुद्धा चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, किंवा बघण्याचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी धरतात, आणि घेर १० अंशांच्या आत आला तर समोरचं अक्षर स्पष्ट दिसत असलं तरी अंधत्वात धरतात. आरपीवाल्यांना हे कोणी सांगतच नाही, ते आपले ‘मला अजून दिसतं’ म्हणून फिरत राहतात.

आता वाचायचं. तुम्हाला लोक सांगतील अक्षर मोठं करा. जपून. नळीतून बघणाऱ्याला अक्षर फार मोठं केलं की नळीत एकच अक्षर मावतं आणि शब्द हरवतो. तुम्हाला मध्यम आकार आणि कडक काळं-पांढरं लागेल. विंडोजमध्ये विंडोजची की आणि प्लस दाबलं की मॅग्निफायर उघडतो, त्यातच रंग उलटे करायची सोय आहे, काळ्यावर पांढरं करून बघा. कागदासाठी काळा पुठ्ठा घ्या आणि त्याला एक ओळ मावेल एवढी खाच पाडा, पाच रुपयांचं काम आहे, ओळ सुटत नाही आणि कागदाची चमकपण कापली जाते. दिवा समोरून नको, बाजूनं, खांद्यामागून. आणि स्क्रीन रीडर आत्ताच शिकायला घ्या, नजर आहे तोवर. मी नजर गेल्यावर ब्रेल शिकलो, त्याचा पश्चात्ताप आजपण आहे, बोटं तयार व्हायला वर्षं गेली.

धुळ्याहून एक अधिकारी : माझ्या हाताखाली एक अंध सहायक आहेत, हुशार आहेत. ते मोबाइलवर कागदाचा फोटो काढून ॲपकडून वाचून घेतात. आमचे काही कागद गोपनीय असतात. हे चालू द्यावं का? आणि ते ज्यावर सही करतात त्याची जबाबदारी कोणाची?

साहेब, जबाबदारी ज्याची सही त्याची, तुमची असते तशीच. तुम्ही तरी पुढ्यात आलेला प्रत्येक कागद पूर्ण वाचून सही करता का, असं विचारणार होतो, पण जाऊ द्या. म्हणूनच सहीच्या आधी त्यांना तो स्वतः वाचायची सोय पाहिजे, नाहीतर तुम्ही जबाबदारी देताय आणि कागद देत नाही.

फोटोचं मात्र तुमचं बरोबर आहे. काही ॲप फोटो आपल्याच फोनमध्ये वाचतात आणि काही तो इंटरनेटवरून बाहेर पाठवून वाचून आणतात, हे वापरणाऱ्याला कळतपण नाही. ‘बी माय आइज’ म्हणून एक आहे, डेन्मार्कमधलं, २०१५ चं, त्यात तर कुठलातरी अनोळखी स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी बघायला त्याच्यासारखं काही नाही, मी स्वतः वापरतो, पण कोणाच्या चौकशीची फाइल त्याच्यासमोर धरणं चूक. आणि नवीन एआयवाले ॲप फारच गोड वाचतात, अडखळत नाहीत, तीच भीती आहे. जुना ओसीआर शब्द लागला नाही की कचरा ओकतो, आपल्याला कळतं की इथं गडबड आहे. एआय तिथं स्वतःचं काहीतरी नीटनेटकं बसवून देतो आणि ते इतकं शहाण्यासारखं वाटतं की आपण पुढं निघून जातो. रक्कम, तारीख, नाव, हे कधीही एकदा माणसाकडून ताडून घ्यावं.

पण उत्तर बंदी नाही. मोबाइल बंद केलात आणि दुसरं काही दिलं नाहीत तर ते कागद कोणाकडून तरी वाचूनच घेणार, बहुधा शिपायाकडून, आणि मग तुमची गोपनीयता टपरीपर्यंत जाईल. ऑफिसच्या कम्प्युटरला स्कॅनर जोडा आणि टेसरॅक्टसारखं ओसीआर टाका, तेपण फुकट आहे, मराठी वाचतं आणि इंटरनेट न लागता आपल्याच मशीनवर चालतं. हस्तलिखित गोपनीय कागदासाठी एक माणूस नावानिशी नेमा. बाकी त्यांना सहीसाठी ‘इथं, नाही थोडं वर, खाली’ असं करत हात धरून नेत असाल तर ते बंद करा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मला सहीएवढी चौकोनी खिडकी कापून द्या, ती कागदावर ठेवून दिलीत की माणूस स्वतः करतो.

नंदुरबारहून : एनव्हीडीए टाकलं, इंग्रजी छान वाचतं, पण आमच्या ऑफिसची मराठी पत्रं उघडली की डे, जे, के असलं काहीतरी बरळतं. बिघाड कुठे आहे?

बिघाड फॉन्टमध्ये आहे. कृतिदेव, श्रीलिपी हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. कृतिदेवमध्ये ‘कमल’ टाइप केलं की स्क्रीनवर कमल दिसतं पण आत साठवलेलं असतं डी, ई, वाय. डोळेवाला मुखवटा बघतो, आमचा स्क्रीन रीडर आतला चेहरा वाचतो आणि ‘डे’ म्हणतो. बिचारा खरंच वाचतोय. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, जोडाक्षरं आणि रफार थोडे मोडतात ते तपासा, आणि नवीन टायपिंग युनिकोडमध्येच व्हावं असा आग्रह धरा. टायपिस्ट कुरकुर करेल की बोटं कृतिदेवला बसलीत, तर त्याला सांगा की रेमिंग्टनचाच (जुन्या टाइपरायटरचा) लेआउट युनिकोडमध्येपण मिळतो, बोटं बदलायची नाहीत. आणि हो, सही-शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ पाठवत असतील तर ती नुसता फोटो असते, सोबत मूळ वर्डची फाइलपण मागा. एक्सेलवाल्यांना हात जोडून सांगा की सेल मर्ज करू नका, आम्ही तिथं चक्रव्यूहात अडकतो.

रावेरहून एक वडील : आमची मुलगी अंध आहे, बँकेची परीक्षा पास झाली, दोन महिन्यांनी जॉइनिंग. आम्ही केळीवाले लोक, ऑफिसातलं काही कळत नाही. तिला जमेल का? आई म्हणते घरीच राहू दे.

आबा, तिनं परीक्षा पास केली तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का जमेल का म्हणून? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची नजर सहाव्या वर्षी गेली. यूपीएससी पास झाल्यावर रेल्वेच्या अकाउंट खात्यानं अंधत्वाचं कारण देऊन घेतलं नाही, त्यांनी परत परीक्षा दिली, २०१६ च्या परीक्षेत १२४वा रँक काढला आणि १४ ऑक्टोबर २०१९ ला तिरुवनंतपुरमला सबकलेक्टर म्हणून खुर्चीवर बसल्या. आणि ३ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दिसत नाही या कारणानं कोणाला न्यायाधीशाच्या नोकरीपासून बाहेर ठेवता येणार नाही. न्यायाधीश चालतो तर काउंटरपण चालेल.

या दोन महिन्यांत तिला टायपिंग पक्कं करू द्या, कीबोर्डच्या एफ आणि जे वर उंचवटे असतात तिथून बोटं सगळीकडे जातात. एनव्हीडीए आणि एक्सेल यांची सवय करू द्या. जळगावला दीपस्तंभ फाउंडेशनचं मनोबल केंद्र आहे, दिव्यांग मुलंमुली तिथं राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, अशी नोकरीला लागलेली मुलं तिथून भेटतील, तिची एकदा गाठ घालून द्या, तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा त्यांचं ती ऐकेल. जॉइनिंगच्या दिवशीच सोयींचा अर्ज लेखी देऊ द्या, नंतर दिला की ‘इतके दिवस चाललं ना’ म्हणतात. तुम्ही सोबत जा, पण आत तिला एकटीला जाऊ द्या. आईला म्हणावं पहिल्या पगाराची वाट बघ.

साक्रीहून (व्हॉइस नोट) : नाना, राम राम. मना मोबाइल अहिरानी वाची दखाडी का?

राम राम भाऊ. वाची दखाडी, पन सदाशिव पेठेतल्या बाईसारखं. वेगळा अहिराणी आवाज मी वापरतो त्या फोनमध्ये नाही, पण अहिराणी देवनागरीत लिहिलेली असली की मराठी आवाज तीच अक्षरं वाचतो, ‘काय लिखेल शे’ अगदी बरोबर म्हणतो, फक्त हेल चुकतो आणि ऐकताना हसू येतं. उलटं मात्र जमत नाही. बोलून टाइप करायला गेलो की ‘माले’ (मला) चं ‘माळे’ करतो आणि ‘डोया’ (डोळा) तर त्याला काही केल्या कळत नाही, मी चार वेळा म्हणालो, चारी वेळा ‘डाया’ आलं. ऑफिसच्या कामाला मराठीत बोला, घरच्यांना व्हॉइस नोटच बरी. तुमची मी दोनदा ऐकली, मागं कोंबडा आरवत होता.